पिवळ्या गोळीचं सांगायचं राहिलं

आयर्नची गोळी हातात ठेवताना "शी काळी होईल, घाबरू नका" असं सांगितल्याशिवाय बाईला दारातून सोडायचं नाही, हे आम्हाला प्रशिक्षणात घोटून घोटून शिकवलं होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आम्ही ते म्हणून दाखवलं असतं. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीसाठी असं वाक्य नव्हतं. ती गरीब गोळी, कुणाचं वाईट न करणारी. डॉक्टरांना काही सुचलं नाही की ते ती लिहून देतात, असं आम्ही पोरी आपसात म्हणायचो आणि हसायचो. त्या गोळीने लघवी पिवळी होते हे मला माहीत होतं. परीक्षेत लिहून मी त्याचे मार्कही मिळवले होते. एका बाईला मात्र ते सांगायचं राहिलं, आणि नंतर सांगता येत असताना मी सांगितलं नाही. पहिलीला मी चूक म्हणते. दुसरीला काय म्हणायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.

मी राजुऱ्याची. अब्बांचं गाद्या-रजया भरायचं दुकान होतं. घरात हिंदी, शाळेत मराठी. नर्सचा कोर्स करून मला पहिली नेमणूक मिळाली ती एटापल्लीच्या वाटेवरच्या एका धानाच्या गावात, नव्वद सालानंतरच्या वर्षांत. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या. एकीत मी राहायची, दुसरीत तपासणीचं टेबल आणि औषधांचं लोखंडी कपाट. अम्मीने ते पाहून कपाळावर हात मारून घेतला. गावाने मला लगेच जवळ केलं असंही नाही. माझ्या आधीच्या सिस्टरने टोचलेल्या एका लेकराच्या मांडीत गळू झालं होतं, तेव्हा लोकांनी तिचं सामान उचलून रस्त्यावर ठेवलं होतं. त्यात मी परगावची, मुसलमानाची आणि बिनलग्नाची. शिवाय माझ्या तोंडाला लगाम नाही. पहिले सहा महिने मी बोलून बोलून माणसं तोडायचंच काम केलं.

शेजारच्या घरची सून तेवढी मला धरून राहिली. हातपंप त्यांच्या अंगणासमोर होता. स्वतःचं पाणी भरून झालं की ती माझी बादली न विचारता भरून आणायची आणि माझ्या पायरीवर दोन मिनिटं टेकायची. आम्ही जवळपास एकाच वयाच्या. तिला तीन वर्षांचं एक लेकरू होतं आणि दुसऱ्या वेळचा सातवा महिना चालू होता. ती कमी बोलायची. मी बोलायची आणि ती हसायची, पण त्या पावसाळ्याच्या सुरुवातीला मी पाहिलं, ती हसताना तोंडावर हात ठेवायला लागली होती.

"काऊन गं, दात पडले का?" मी विचारलं.

"नाई बाई. तोंड फाटते."

मी तिचा हात खाली केला. ओठांचे दोन्ही कोपरे चिरलेले, त्यावर पांढरट खपली. जीभ बाहेर काढायला लावली तर ती लालही नव्हती, जांभळट होती, आणि गुळगुळीत. मिरचीचा घास घेतला की डोळ्यांतून पाणी येतं, म्हणून ती नुसता भात गिळते, असं म्हणाली. मी फार हुशार, असं वाटलं मला त्या क्षणी. पुस्तकातलं चित्र माझ्यासमोर पायरीवर बसलं होतं. हा रिबोफ्लेविनचा तुटवडा, म्हणजे बी-टू जीवनसत्त्वाचा.

ते जीवनसत्त्व मला पाठ होतं. मूळचंच पिवळं. दूध, अंडं, कलेजी, हिरवा पाला, डाळी यांत ते असतं, पण मोकळं नसतं, बहुतेक प्रथिनांना चिकटून असतं. पोटातलं आम्ल आणि आतड्यातले रस ते सोडवून घेतात, मग लहान आतड्याच्या वरच्या भागातून ते रक्तात शिरतं. एका वेळी किती शिरणार यालाही मर्यादा आहे. आत गेलं की ते पेशीपेशीत कामाला लागतं. खाल्लेल्या घासाची ताकद होते ती ज्या साखळीतून, तिची एक कडी तेच बनतं. त्याच्यावाचून भात पोटात जातो आणि माणूस तरी गळालेलाच राहतो. लोहाचं रक्त व्हायलाही त्याचा हात लागतो. ओठ, जीभ, डोळे, जिथे कातडी कोवळी आहे आणि रोज नवी होते, तिथे ते कमी पडलं की आधी दिसतं. आणि शरीर त्याचा फारसा साठा करत नाही. रोज लागतं, रोज यावं लागतं. जास्तीचं झालं की काही तासांत लघवीवाटे निघून जातं.

तिच्या घरी ते यायचं कुठून? पूर्वी त्यांच्याकडे पायाने धान कांडायची ढेकी होती. तालुक्याच्या वाटेवर राईस मिल आली आणि ढेकी गोठ्यात गेली. तांदूळ पांढराशुभ्र झाला, पाहुण्यांसमोर शोभायला लागला, आणि कोंड्याबरोबर जे जायचं ते गेलं. उरलंसुरलं धुण्यात जायचं, तीन पाण्यांतून. मग भरपूर पाण्यात भात शिजवून वरचं पाणी ओतून बैलांना. मी एकदा म्हटलंही, तुमचे बैल तुमच्यापेक्षा चांगलं जेवतात. सासूला ते आवडलं नाही. मुनग्याचा, म्हणजे शेवग्याचा, पाला त्या घरी व्हायचा, पण पावसाळ्यासाठी तो कौलांवर कडक उन्हात वाळवून ठेवायचे, आणि हे जीवनसत्त्व उजेडात नासतं. लाखोळीची डाळ आधी पुरुषांच्या ताटात, मग लेकरांच्या, मग सासूच्या. सुनेच्या वाटेला भांड्याच्या बुडाचं पाणी. गावात बोकड कापला की कलेजी तिथेच विस्तवावर भाजून कापणारे पुरुष खाऊन टाकायचे, ती घरापर्यंत यायचीच नाही. माझ्या घरी अम्मी शुक्रवारी कलेजी करायची आणि आम्ही बहिणी नाकं मुरडायचो. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्या दिवशी मला जिल्ह्याच्या गावी तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला जायचं होतं. जीप दारात उभी होती आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी कपाट उघडलं, कागदाच्या दोन पुड्या बांधल्या. एकीत आयर्न, एकीत पिवळ्या गोळ्या, तीस आणि वर आणखी काही, माझं येणं लांबलं तर असाव्यात म्हणून. "या काळ्या जेवल्यावर घ्यायच्या, शी काळी होईल, घाबरू नको. या पिवळ्या सकाळी एक. तोंड बरं होईल. एकही दिवस चुकवायचं नाही, कळलं का?" ती मान हलवत राहिली. ड्रायव्हरने परत हॉर्न दिला. मी पिशवी उचलून निघाले.

प्रशिक्षण संपलं आणि नदी भरली. पूल पाण्याखाली, एसटी बंद. आणखी आठ-नऊ दिवस मी अलीकडच्या काठावर एका ओळखीच्या सिस्टरच्या खोलीत काढले. पत्ते खेळले, झोपा काढल्या, बरं वाटलं. हेही सांगून टाकते, कारण त्याच दिवसांत ती उपाशी होती.

परत आले त्या संध्याकाळी बादली आली नाही. मी स्वतः पंपावर गेले. त्यांच्या पडवीत खाटेवर ती बसली होती. मी तिला चालण्यावरून, उभं राहण्यावरून ओळखायची, बसलेली पटकन ओळखलीच नाही. गालफडं बसलेली, दंड काटकुळे, पावलं मात्र सुजून टम्म. पोट तेवढं पुढे. गळ्यात मुळ्यांच्या तुकड्यांची एक माळ होती, छातीपर्यंत लोंबणारी.

सासू आतून आली. "कावीळ झाली बाई तिले. तू नोयती इथी."

सासूबद्दल इथे सांगायला पाहिजे, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. दोन वर्षांपूर्वी तिची स्वतःची लेक पोटुशी असताना काविळीने गेली होती. माहेरी आणली होती, बैलबंडीतून दवाखान्याकडे नेता नेता वाटेतच संपली. तेव्हापासून त्या बाईला पिवळ्या रंगाचं भय बसलं होतं. माणसाला कावीळ झाली की जग पिवळं दिसतं म्हणतात. तिला न होताच दिसायचं. मी गेल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी न्हाणीच्या दगडावर तिने सुनेची लघवी पाहिली, हळदीसारखी पिवळी. ती त्याच दुपारी सुनेला घेऊन शेजारच्या गावी गेली.

तिथे एक वयस्क गृहस्थ काविळीचं झाडपाल्याचं औषध द्यायचे. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. माणूस साधा, औषधाचा एक पैसा घ्यायचा नाही, बरं वाटलं तर नारळ आणून द्या म्हणायचा. त्यांनी चुन्याच्या पाण्यात तिचे हात धुवायला लावले, पाणी पिवळं झालं. ते कुणीही हात धुतले तरी होतं. माळ घातली, मुळी उगाळून दिली आणि पथ्य सांगितलं. पिवळं म्हणून डाळ बंद, हळद बंद, अंडं बंद. हिरवा पाला बंद. तेल, मासळी, दूध बंद. नुसता भात आणि मीठ. किती दिवस? लघवी पांढरी होईपर्यंत.

मी तिला उजेडात आणलं आणि डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या. कागदासारख्या पांढऱ्या. वरचं बुबुळाभोवतीचं पांढरं तेही स्वच्छ, पिवळेपणाचा मागमूस नाही. कावीळ नव्हती. रक्त नव्हतं अंगात. आणि ओठांचे कोपरे मात्र सुरेख भरून आले होते. 

"गोळ्या घेतेस का?" मी हळू आवाजात विचारलं. सासू चुलीपाशी गेली होती.

तिने पदराची गाठ सोडली. पुडी काढून माझ्यासमोर धरली. "काळ्या सोडल्या, बाई. उपाशी पोटी मळमळे. पन ह्या नाई सोडल्या. भाऊंनी सरकारी औषध बंद सांगतलं व्हतं, मंग लपून घेतो. तुमी म्हनल्या व्हत्या ना, एकबी दिस चुकवाचं नाई."

पुडीत पाच गोळ्या उरल्या होत्या.

म्हणजे रोज सकाळी ती माझा शब्द पाळत होती, रोज दुपारी न्हाणीच्या दगडावर पिवळं दिसत होतं, आणि रोज सासू आणखी एक दिवस पथ्य वाढवत होती. घरचे लोक पिवळं जाण्याची वाट बघत होते आणि ती माझ्यावरच्या विश्वासापायी ते जाऊ देत नव्हती. जवळजवळ महिनाभर. सातव्या-आठव्या महिन्यात, जेव्हा पोटातलं लेकरू आईच्या रक्तामांसातून आपलं ओढून घेत असतं, तेव्हा.

मी पुडी घेतली आणि ॲप्रनच्या खिशात टाकली. "आता बस. काम झालं यांचं," मी म्हटलं.

दोन दिवसांत लघवी पांढरी झाली. सासूने नारळ घेऊन नातवासह भाऊंकडे फेरी मारली, सुनेच्या गळ्यातली माळ उतरवून झाडाला बांधली. परत येताना माझ्या पायरीशी थांबून म्हणाली, "तू आली अन् गुन आला बाई. तुयाबी पायगुन." मी हसले. मी खरोखर हसले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनात म्हटल्याचंही मला आठवतं. आधीच्या सिस्टरचं रस्त्यावर पडलेली ट्रंक आणि अंथरूण मी पाहिलं नव्हतं, पण गावाने मला ते इतक्यांदा सांगितलं होतं की डोळ्यांसमोर असायचं. शिवाय आता सगळं सुरळीत होणार होतं. पथ्य सुटलं होतं. डाळ, अंडं, पाला तिला द्या म्हणून मी रोज त्यांच्या दारात उभी राहून कटकट करत होते. आयर्न पुन्हा सुरू केलं. मग हात दाखवून अवलक्षण कशाला, असा माझा हिशेब.

बारा दिवसांनी तिच्या पोटात दुखू लागलं. पोळा आठवड्यावर होता. दिवस भरायला अजून महिना होता. रस्ता चिखलाने बंद, जीप येण्यासारखी नव्हती. दाई आणि मी, आम्ही दोघींनी घरीच बाळंतपण केलं. दुपारी मुलगी झाली. दोन किलोसुद्धा भरली नाही, पण रडली, आणि चांगल्या आवाजात रडली. रक्तस्राव आटोक्यात राहिला. मला वाटलं, सुटलो.

दाईने लेकरू पुसून फडक्यात गुंडाळलं. मी म्हटलं, आत्ताच अंगावर द्या. सुनेने छातीला हात लावला तर दोन थेंब आले. पहिलं दूध. घट्ट आणि पिवळंधमक.

सासू वाकून बघत होती. ती मागे सरली. "पाय व माय. कावीळ दुधात उतरली."

"मावशी, पहिलं दूध पिवळंच असतं. सगळ्यांचं असतं. त्यातच सगळी ताकद असते लेकराची." मी मोठ्याने बोलले. मला हे सगळं येत होतं. आईच्या अंगातलं थोडकं जे काही उरलं असेल, ते याच दुधातून लेकराला जाणार होतं. ते रिबोफ्लेविनही, आणि रोगांशी लढायची शक्ती. एवढ्याशा जीवाला दुसरा आधार नव्हता.

"तिले आत्ता आत्ता कावीळ झाल्ती बाई. माही पोरगी गेली अशीच. आता नातीलेबी घालू का ते?"

"तसं नसतं मावशी."

"तुले का मालूम? तू तं एकबी लेकरू नाई जनली."

 मला राग आला होता, आणि त्या रागाच्या आड लपायला मला बरं पडलं, हे मी आता कबूल करते. कारण एक वाक्य माझ्या जिभेवर होतं. हिला कावीळ झालीच नव्हती, ते पिवळं माझ्या गोळीचं होतं. तेवढं म्हटलं असतं तर त्या बाईने ऐकलं असतं. ती अडाणी नव्हती, घाबरलेली होती. डोळ्यांनी पाहिलेल्यावर तिचा विश्वास होता, आणि तिने डोळ्यांनी पिवळंच पाहिलं होतं. खाटेवरून सून माझ्याकडे बघत होती. मी सांगेन ते ती ऐकणार होती. तिने महिनाभर ऐकलंच होतं.

मी म्हटलं, "बरं, निदान उकळलेलं पाणी वापरा." आणि हात धुवायला बाहेर गेले.

तिला दूध पिळून मातीत टाकायला लावलं. तीन दिवस. मग छातीला फडकं आवळून बांधलं. लेकराला शेळीचं दूध पाणी घालून, कापसाच्या बोळ्याने. मी रोज जात होते. रोज वजन बघत होते. रोज म्हणत होते, अंगावर द्या, अंगावर द्या, आणि रोज ते एक वाक्य सोडून बाकीचं सगळं बोलत होते. सहाव्या दिवशी जुलाब लागले. तोवर रस्ता उघडला होता. तिचा नवरा लेकरू छातीशी धरून माझ्याबरोबर जीपमध्ये बसला. दवाखान्याच्या अलीकडे दोन-तीन किलोमीटरवर त्याने मला हळूच विचारलं, "बाई, हे श्वास घेऊन राह्यलं का?" घेत नव्हतं.

रजिस्टरमध्ये मी लिहिलं, कमी वजन, अपुऱ्या दिवसांचं. खोटं नव्हतं.

त्यानंतर वर्षभर ती माझं पाणी भरत राहिली. मी नको म्हटलं तरी आणायची. मी तिच्याशी पूर्वीसारखी बोलू शकत नव्हते, आणि तिला वाटायचं की मला तिच्या मुलीचं दुःख आहे. दुःख होतंच. मी बदलीचा अर्ज लिहिला आणि फाडला, असं दोनदा केलं. कुणाशी बोलले नाही. अम्मीशीसुद्धा नाही. अम्मीने तौबा करायला लावली असती आणि मग सांगून टाक म्हणाली असती.

पुढच्या पावसाळ्यानंतर तिला पुन्हा दिवस गेले. चौथ्या महिन्यात सासूच तिला तपासायला घेऊन आली. तोंड उघडायला लावलं, आणि तेच. कोपरे चिरलेले, जीभ गुळगुळीत. एवढ्या दिवसांत त्या घरी काही बदललं नव्हतं, तांदूळही तोच, भांड्याचं बूडही तेच.

माझा हात पिवळ्या गोळ्यांच्या डब्यावर गेला आणि तिथेच थांबला. द्याव्यात तर काय होणार ते मला ठाऊक होतं. न द्याव्यात तर ती अशीच झिजणार. मी अर्धवट पळवाट काढून पाहिली. म्हटलं, "मावशी, या गोळीने लघवी पिवळी होते बरं. त्याची चिंता करायची नाही."

सासू म्हणाली, "होऊ दे बाई. पिवळी झाली का आमी भाऊकडं नेऊ. मांगच्या टायमाले पथ्यानंच वाचली थे. या टायमाले पयलेपासूनच पाळतो पथ्य."

मी त्या दोघींना बसायला सांगितलं. मग लाज सोडली. कपाटातून सलाईनच्या दोन रिकाम्या काचेच्या बाटल्या काढल्या, मागच्या न्हाणीत गेले, एकीत माझी लघवी धरून आणली आणि टेबलावर ठेवली. पाण्यासारखी. मग त्यांच्यासमोर एक पिवळी गोळी तोंडात टाकली आणि वर दोन तांबे पाणी प्यायले. "दुपारच्याला या," म्हटलं. त्या गेल्याच नाहीत. पायरीवर बसून राहिल्या. मला वाटतं, माझ्या चेहऱ्यावर काहीतरी असावं.

दुपारी मी दुसरी बाटली पहिलीच्या शेजारी ठेवली. दार उघडं होतं, ऊन टेबलावर आलं होतं. दुसरी बाटली पिवळीधमक दिसत होती.

सासूने बाटलीला हात लावला नाही. नुसतं वाकून पाहिलं. "हे तं तसंच हाये," ती म्हणाली. मग मान वर करून, "मंग मांगच्या साली?"

"कावीळ नव्हती मावशी. माझी गोळी होती. ती लपून घेत होती, मी सांगितलं म्हणून. पिवळं होतं हे सांगायचं मी विसरले."

मला वाटलं ती ओरडेल. सामान बाहेर फेकेल. मी मनातून त्यासाठी तयारही होते, किंबहुना ते झालं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती खाली फरशीवर बसली आणि पदर तोंडात धरला.

सून बाटल्यांकडे बघत होती. "म्हणजे म्या पथ्य फुकटच केलं?"

"हो."

"अन् दुधात कावीळ नोयती."

"नव्हती. ते दूध चांगलं होतं."

 तिने माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं तेही रागाने नाही, एखादी गोष्ट नीट समजून घ्यावी तसं. "दूध मातीत टाकाले लावलं, तवा तुमी तिथीच होत्या बाई. तवा तुमाले हे मालूम होतं?"

मला तेव्हा खात्री नव्हती, असं म्हणता आलं असतं. हे उत्तर मी वर्षभर तयार करून ठेवलं होतं.

"मालूम होतं," मी म्हटलं.

तिने टेबलावर मी बांधून ठेवलेली पिवळ्या गोळ्यांची पुडी उचलली, पदरात बांधली, सासूला हाताला धरून उठवलं आणि त्या दोघी गेल्या. गावात कुणी मला काही बोललं नाही. तिने कुणाला सांगितलंच नव्हतं. पुढच्या महिन्यापासून गोळ्या न्यायला ती आली नाही, अंगणवाडीच्या बाईंच्या हातून नेल्या. भाताचं पाणी ओतणं त्या घरी बंद झालं आणि त्यातच भात मुरवायला लागले, हे मला त्या बाईंकडूनच कळलं. सासू आता सुनेला आपल्याबरोबर जेवायला बसवते, हेही.

बाळंतपणाला मला बोलावलं नाही. सकाळी रडण्याचा आवाज ऐकून मी त्यांच्या पडवीपर्यंत गेले. दाई बाहेर येत होती. मुलगी झाली म्हणाली, चांगली भरलेली, आणि आल्या आल्या अंगावर पाजली, पिवळं दूध सगळंच्या सगळं. मी चपला काढल्या. आतून सासूचा आवाज आला, "आत्ता नको, बाई. थे नको म्हनते."

मी चपला घातल्या आणि परत आले.